रक्त न सांडता संत झालेले तूरचे बिशप मार्टिन

नोव्हेंबर महिना सुरू झाला की आपल्या धर्मग्रामांत संतांचे आणि मृतांचे स्मरण पाठोपाठ येते. १ नोव्हेंबरला आपण सर्व संतांचा सण साजरा करतो आणि दुसऱ्याच दिवशी कबरींवर फुले वाहून, मेणबत्त्या लावून आपल्या मृत आप्तजनांसाठी प्रार्थना करतो. त्यानंतर दहा दिवसही लोटत नाहीत तोच ११ नोव्हेंबरला उपासनेच्या पंचांगात एक नाव येते, ते म्हणजे तूरचे बिशप संत मार्टिन. आपल्यापैकी पुष्कळांना हे नाव एका चित्रामुळे ठाऊक असते. घोड्यावर बसलेला तरुण शिपाई तलवारीने आपला झगा कापून अर्धा भाग भिकाऱ्याला देत आहे, असे ते चित्र. परंतु संत म्हणजे नेमके कोण, ह्या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्याला मार्टिन ह्यांच्या जीवनात त्या चित्रापलीकडेही बरेच काही सापडते.

हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. आपण संतांकडे बहुधा काहीतरी मागण्यासाठी जातो. हरवलेली वस्तू सापडावी, परीक्षेत यश मिळावे, घरातील आजार दूर व्हावा म्हणून नोव्हेना करतो. संतांची मध्यस्थी मागणे ही ख्रिस्तसभेची जुनी आणि मान्य परंपरा आहे. पण मागणे मागता मागता, संत म्हणजे चमत्कार करणारी व्यक्ती आणि आपल्यासारख्या सामान्य प्रापंचिकांचा त्या वाटेशी काही संबंध नाही, अशी समजूत आपल्या मनात घर करून बसते. मार्टिन ह्यांचे चरित्र ही समजूत दूर करते.

रक्तसाक्ष्यांचा काळ

नव्या करारात संत पौल आपल्या पत्रांत पवित्र जन हा शब्द एखाद्या थोर व्यक्तीपुरता राखून ठेवत नाहीत. करिंथ, फिलिप्पै, इफिस येथील सर्वच श्रद्धावंतांना ते पवित्र जन म्हणतात. स्नानसंस्काराने जो ख्रिस्ताचा झाला तो पवित्र होण्यासाठीच बोलावला गेला, अशी त्यामागील भूमिका होती. त्या श्रद्धावंतांत भांडणे होती, मत्सर होता, हेही पौल लपवीत नाहीत.

पुढे रोमन साम्राज्यात छळाचे दिवस आले आणि श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्यांना ख्रिस्तसभेत आगळे स्थान मिळाले. दुसऱ्या शतकाच्या मध्यास स्मर्ना नगरीचे वृद्ध बिशप पॉलिकार्प ह्यांना जिवंत जाळण्यात आले. तेथील ख्रिस्ती समाजाने त्यांच्या अस्थी गोळा करून योग्य ठिकाणी ठेवल्या आणि त्यांच्या मृत्यूचा दिवस स्वर्गातील जन्मदिवस म्हणून पाळण्याचे ठरविले. आराधना केवळ ख्रिस्ताची आणि रक्तसाक्ष्यांवर मात्र ख्रिस्ताचे शिष्य म्हणून प्रेम, हा भेदही त्यांनी त्याच वेळी स्पष्ट केला. अशा रीतीने संताचा आदर कबरीपाशी सुरू झाला. रक्तसाक्ष्याचे नाव ठाऊक असे, मृत्यूचा दिवस ठाऊक असे, कबरीची जागा ठाऊक असे. दरवर्षी त्या दिवशी श्रद्धावंत तेथे जमत.

इ. स. ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्माला साम्राज्यात मोकळीक मिळाली. छळ थांबला तसा एक नवा प्रश्न उभा राहिला. आता ख्रिस्तासाठी मरण्याची वेळच येणार नसेल, तर संपूर्ण जीवन देणे म्हणजे काय? काहींनी वाळवंटाची वाट धरली. इजिप्तमधील संत अंतोनी हे त्यांतील अग्रणी. पश्चिमेकडील ख्रिस्तसभेत ह्या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या जीवनाने दिले, त्यांत मार्टिन ह्यांचे नाव प्रथम घ्यावे लागते.

शिपाई आणि शिष्य

मार्टिन ह्यांचा जन्म पॅनोनिया प्रांतातील सबारिया नगरात, म्हणजे आजच्या हंगेरीतील सोम्बाथेय येथे झाला. जन्माचे वर्ष काही अभ्यासक ३१६ मानतात, तर काही ३३६. वडील रोमन सैन्यात अधिकारी होते आणि आईवडील दोघेही ख्रिस्ती नव्हते. मार्टिन ह्यांचे बालपण इटलीतील पाव्हिया येथे गेले. वयाच्या दहाव्या वर्षी आईवडिलांच्या इच्छेविरुद्ध ते ख्रिस्तमंदिरात गेले आणि स्नानसंस्काराची तयारी करणाऱ्यांत आपले नाव घालून घेतले. मात्र निवृत्त सैनिकांच्या मुलांनी सैन्यात दाखल व्हावे असा राजाचा हुकूम असल्यामुळे पंधराव्या वर्षी त्यांना घोडदळात जावे लागले.

त्यांना एक सेवक देण्यात आला होता. परंतु मार्टिन स्वतःच त्या सेवकाचे जोडे काढीत, ते स्वच्छ करीत आणि त्याच्याबरोबर जेवायला बसत. त्यांचे चरित्रकार सल्पिशियस सेव्हेरस ह्यांनी ही गोष्ट नोंदविली आहे. आम्हाला ती झग्याच्या प्रसंगाइतकीच मोलाची वाटते, कारण ती रोज घडत होती आणि तिचे चित्र कोणी काढले नाही.

झग्याचा प्रसंग आजच्या फ्रान्समधील आमियाँ शहराच्या वेशीपाशी घडला. त्या वर्षी हिवाळा इतका कडक होता की थंडीने माणसे मरत होती. वेशीत एक उघडा भिकारी येणाऱ्याजाणाऱ्यांची विनवणी करीत होता. मार्टिन ह्यांच्याजवळ अंगावरच्या झग्याखेरीज द्यायला काही उरले नव्हते. त्यांनी झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याच्या अंगावर घातला. अर्ध्या झग्यातील शिपाई पाहून काही लोक हसले. काहींना लाज वाटली, कारण त्यांच्याजवळ अधिक असूनही त्यांनी काही दिले नव्हते. त्या रात्री मार्टिन ह्यांना स्वप्नात ख्रिस्ताचे दर्शन झाले. ख्रिस्ताच्या अंगावर तोच अर्धा झगा होता आणि अजून स्नानसंस्कारही न झालेल्या मार्टिनने आपल्याला हे वस्त्र दिले, असे ते देवदूतांना सांगत होते. मत्तयच्या शुभवर्तमानातील अंतिम न्यायाचा उतारा मार्टिन ह्यांनी अशा प्रकारे प्रत्यक्ष जगून पाहिला. त्यानंतर, अठरा वर्षांचे असताना, त्यांनी स्नानसंस्कार घेतला.

काही काळाने, ३५६ च्या सुमारास, वर्म्स येथे ज्युलियन आपल्या सैनिकांना लढाईपूर्वी बक्षीस वाटत होता. मार्टिन ह्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी ते नाकारले आणि आता आपण ख्रिस्ताचे शिपाई असल्याने लढणार नाही असे सांगितले. त्यांच्यावर भित्रेपणाचा आरोप झाला. तेव्हा दुसऱ्या दिवशी शस्त्राविना सर्वांच्या पुढे उभे राहण्याची तयारी त्यांनी दाखविली. त्यांना पहाऱ्यात ठेवण्यात आले. परंतु सकाळी शत्रूनेच तहासाठी दूत पाठविले आणि मार्टिन ह्यांची सैन्यातून सुटका झाली.

संन्यासी, मग बिशप

सैन्य सोडल्यावर ते पॉतिएचे बिशप संत हिलरी ह्यांच्याकडे गेले. हिलरी त्यांना डिकन करू पाहत होते, पण मार्टिन ह्यांनी नम्रपणे नकार देऊन कनिष्ठ सेवा पत्करली. मग ते आपल्या आईवडिलांना भेटायला मायदेशी गेले. आईने श्रद्धा स्वीकारली, वडिलांनी स्वीकारली नाही. संतांच्या घरातही सर्वांची मने वळतातच असे नाही, ही गोष्ट आपल्यापैकी अनेक आईवडिलांना आणि मुलांना धीर देणारी आहे.

त्या काळी येशूचे परिपूर्ण ईश्वरत्व नाकारणाऱ्या एरियन पंथाचा जोर होता. त्यांना विरोध केल्याबद्दल मार्टिन ह्यांनी फटके खाल्ले आणि मिलान शहरातून हकालपट्टी सोसली. ३६० मध्ये हिलरी हद्दपारीतून परतल्यावर मार्टिनही त्यांच्यामागून आले आणि पॉतिएजवळ लिगुजे येथे त्यांनी एक मठवासी समूह उभा केला. गॉल देशातील मठजीवनाचा आरंभ तेथे झाला असे मानले जाते.

३७१ च्या सुमारास तूर शहराला बिशप हवा होता. मार्टिन मठ सोडून येणार नाहीत हे लोकांना ठाऊक होते. म्हणून रुस्टिकस नावाच्या नागरिकाने आपली पत्नी आजारी असल्याचे निमित्त करून त्यांना बाहेर आणले आणि वाटेत दबा धरून बसलेल्या लोकांनी त्यांना तूरला नेले. निवडीसाठी जमलेल्या काही बिशपांना मात्र ते पसंत नव्हते. मळके कपडे, विस्कटलेले केस आणि सामान्य चेहरा असलेला मनुष्य बिशप कसा शोभेल, असा त्यांचा आक्षेप होता. लोकांनी तो जुमानला नाही.

बिशप झाल्यावरही मार्टिन ह्यांची राहणी बदलली नाही. शहरापासून काही अंतरावर, लुआर नदी आणि उंच कडा ह्यांच्या मधल्या जागेत त्यांनी मार्मूतिए येथे मठ वसविला. तेथे सुमारे ८० शिष्य राहत. मार्टिन ह्यांची खोली लाकडी होती. कोणाचेही स्वतःचे असे काही नव्हते. तरुण शिष्य हस्तलिखिते उतरवून काढीत, वडीलधारे प्रार्थनेत वेळ घालवीत. ह्याच मठातून पुढे अनेक शहरांना बिशप मिळाले. गॉलमधील ख्रिस्ती धर्म तोवर मुख्यतः शहरांपुरता होता. मार्टिन खेडोपाडी फिरले आणि तेथे ख्रिस्तमंदिरे व धर्मग्राम उभे राहिले. सल्पिशियस त्यांना भेटायला गेले, तेव्हा ह्या बिशपांनी त्यांच्या हातावर स्वतः पाणी घातले आणि संध्याकाळी त्यांचे पाय धुतले.

खोट्या संताची वेदी

संतपदाचा अर्थ समजून घेण्यासाठी मार्टिन ह्यांच्या जीवनातील एक प्रसंग विशेष उपयोगी आहे. मठाजवळ एक कबर होती. तेथे रक्तसाक्षी पुरले असल्याच्या समजुतीने लोक मोठ्या भक्तीने जात. आधीच्या बिशपांनी तेथे वेदीही उभारली होती. मार्टिन ह्यांनी वयोवृद्ध धर्मगुरूंना त्या रक्तसाक्ष्याचे नाव आणि मृत्यूचा काळ विचारला. कोणालाच खात्रीलायक सांगता आले नाही. तेव्हा त्यांनी लोकांच्या भक्तीचा उपहास केला नाही, पण तिला आपला पाठिंबाही दिला नाही. काही काळ ते तेथे गेलेच नाहीत. शेवटी एके दिवशी मोजक्या बंधूंसह ते कबरीवर उभे राहिले आणि सत्य प्रकट व्हावे म्हणून त्यांनी प्रार्थना केली. सल्पिशियस सांगतात की, तेव्हा डाव्या बाजूला एक भेसूर छाया दिसली. तिने कबूल केले की आपण रक्तसाक्षी नसून गुन्ह्यांसाठी ठार केलेला दरोडेखोर आहोत. मार्टिन ह्यांनी ती वेदी तेथून हलविली.

छायेच्या कथेकडे वाचकांनी कसेही पाहावे. मार्टिन ह्यांनी आधी विचारलेले प्रश्न आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटतात. हा कोण होता? कसा जगला? कशासाठी मेला? गर्दी जमते एवढ्यावरून कबर पवित्र ठरत नाही. भक्तीला सत्याचा आधार हवा. शतकानुशतके ख्रिस्तसभा संतपदाच्या प्रत्येक प्रकरणात हेच प्रश्न विचारीत आली आहे.

दुसरा एक प्रसंग ह्याच अर्थाचा आहे. एकदा मार्टिन ह्यांच्या खोलीत राजवस्त्र ल्यालेली, रत्नजडित मुकुट घातलेली तेजस्वी आकृती अवतरली आणि आपण ख्रिस्त आहोत असे सांगू लागली. मार्टिन बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की, ज्या रूपात ख्रिस्ताने दुःख सोसले त्या रूपाविना आणि क्रुसाच्या जखमांविना तो आला तर आपण त्याला ओळखणार नाही. आकृती तत्काळ नाहीशी झाली. थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यामध्ये ज्यांनी ख्रिस्ताला ओळखले, ते झगमगाटाला फसले नाहीत.

ट्रियरची जखम

आता आम्ही अशा प्रसंगाकडे वळतो, जो संतांच्या चरित्रांतून बहुधा गाळला जातो. स्पेनमधील आव्हिलाचे बिशप प्रिसिलियन ह्यांच्यावर पाखंडाचा आरोप होता. इथेशियस आदी बिशपांनी ते प्रकरण ट्रियर येथे सम्राट मॅक्सिमसच्या दरबारात नेले. मार्टिन ह्यांना प्रिसिलियन ह्यांची मते मान्य नव्हती. तरीही त्यांनी सम्राटाला कळकळीने विनविले की, रक्त सांडू नये. बिशपांच्या निर्णयाने त्यांना ख्रिस्तमंदिरातून दूर केले तेवढे पुरे. मार्टिन ट्रियरमध्ये होते तोवर खटला लांबला. ते परतताच ३८५ च्या सुमारास प्रिसिलियन आणि त्यांच्या काही साथीदारांचा शिरच्छेद करण्यात आला. ख्रिस्ती राज्यकर्त्याने पाखंडाच्या प्रकरणात दिलेला हा पहिला मृत्युदंड मानला जातो.

मार्टिन पुन्हा ट्रियरला गेले. इथेशियसच्या गटातील बिशपांबरोबर उपासनेत सहभागी होण्याचे त्यांनी नाकारले. त्याच वेळी सम्राट स्पेनमध्ये सशस्त्र अधिकारी पाठविण्याच्या बेतात होता आणि त्यात अनेक निरपराध मारले जाण्याचे भय होते. ज्यांच्या जिवासाठी मार्टिन रदबदली करायला आले होते, त्या दोघांनाही ठार मारण्याचा हुकूम निघाला. ते कळताच मार्टिन रात्रीच राजवाड्याकडे धावले. ह्यांचे प्राण वाचणार असतील आणि अधिकारी परत बोलावले जाणार असतील, तर आपण त्या बिशपांबरोबर वेदीपाशी उभे राहू, असे त्यांनी मान्य केले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते केले. माणसे वाचली.

पण परतीच्या वाटेवर एका निर्जन वनात मार्टिन साथीदारांना पुढे पाठवून मागे बसून राहिले. आपण योग्य केले की अयोग्य, ह्याचा ते स्वतःशी झगडा करीत होते. देवदूताने येऊन त्यांना सांगितले की, दुःख होणे रास्त आहे, पण दुसरा मार्ग नव्हता. आता धीर धरावा. त्यानंतर मार्टिन आयुष्यात पुन्हा कोणत्याही बिशपपरिषदेला गेले नाहीत. पूर्वीसारखी सामर्थ्याची कृत्ये आपल्या हातून होत नाहीत, असे ते अश्रू ढाळत सांगत. चमत्कारांसाठी ख्यातनाम असलेल्या ह्या संताने आपली घटलेली शक्ती स्वतःच्या तोंडाने कबूल केली आणि शिष्याने ती लिहून ठेवली. आम्हाला ह्या पानातून मार्टिन ह्यांचे संतपण अधिक स्वच्छ दिसते. कार्यालयात, कुटुंबात, पंचायतीत ज्यांना दोन वाईट पर्यायांतून एक निवडावा लागला आणि नंतर ज्यांची झोप उडाली, त्यांनी हा बिशप आपला मानावा.

राखेवरील मृत्यू

३९७ मध्ये कांद गावच्या धर्मगुरूंमधील भांडण मिटविण्यासाठी वृद्ध मार्टिन तेथे गेले. समेट झाला, पण त्यांना ताप भरला. शिष्य रडू लागले. तेव्हा त्यांनी प्रभूला सांगितले की, लोकांना अजून आपली गरज असेल तर आपण कष्टाला नाही म्हणणार नाही. पण त्याची इच्छा तीच आपली इच्छा. ते राखेवर निजले होते. ८ नोव्हेंबरला त्यांनी देह ठेवला. पॉतिए आणि तूर येथील लोकांत पार्थिवावरून वाद झाला. तूरचे बिशप ग्रेगरी लिहितात की, पॉतिएकर झोपी गेल्यावर तूरकरांनी पार्थिव खिडकीतून बाहेर काढले आणि नावेतून आपल्या शहरी नेले. ११ नोव्हेंबरला दफनविधी झाला. ते रक्तसाक्षी नव्हते. तरीही त्यांची कबर रक्तसाक्ष्याच्या कबरीसारखी तीर्थक्षेत्र बनली.

त्या कबरीवर पहिले लहानसे ख्रिस्तमंदिर कोणी बांधले? ब्राइस ह्यांनी. मार्टिन हयात असताना हेच ब्राइस त्यांची उघड निंदा करीत. ख्रिस्ताने यहूदाला सोसले, तर आपण ब्राइसला का सोसू नये, असे मार्टिन म्हणत. ब्राइस त्यांच्यानंतर बिशप झाले, त्यांनीही मानहानी आणि हद्दपारी भोगली, आणि आज १३ नोव्हेंबरला आपण त्यांना संत म्हणून स्मरतो. मार्टिन ह्यांचा झगा फ्रँक राजांनी जपून ठेवला. त्या झग्याच्या लॅटिन नावावरूनच, तो ठेवण्याच्या जागेला आणि पुढे लहान प्रार्थनामंदिरांना चॅपेल हे नाव मिळाले. आपल्या इस्पितळातील वा शाळेतील चॅपेलमध्ये आपण गुडघे टेकतो, तेव्हा त्या अर्ध्या झग्याची आठवण नकळत आपल्याबरोबर असते.

आपल्यासाठी

मार्टिन ह्यांना संत ठरविणारा कोणताही खटला रोममध्ये चालला नाही. लोकांनी आदर केला आणि बिशपांनी तो मान्य केला. पोपमहाशयांनी केलेली पहिली ज्ञात संतघोषणा ९९३ मधील, ऑग्जबर्गचे बिशप उलरिक ह्यांची. पुढे हा अधिकार पोपमहाशयांकडेच राहिला आणि सतराव्या शतकात पोप आठवे अर्बन ह्यांनी चौकशीचे नियम कडक केले. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर रक्तसाक्षी झाले. त्यांना संतपद मिळाले ८ जून १८६२ रोजी. गोव्याचे संत जोसेफ वाझ ह्यांनी श्रीलंकेत देवीच्या साथीत रोग्यांची सेवा केली आणि १७११ मध्ये कँडी येथे देह ठेवला. त्यांची संतघोषणा २०१५ मध्ये झाली. एकाने रक्त दिले, दुसऱ्याने वर्षे दिली. ख्रिस्तसभेने दोघांनाही एकाच वेदीवर मान दिला. ह्या दुसऱ्या वाटेवर आरंभी ज्यांची पावले उमटली, त्यांत मार्टिन आहेत.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात, पवित्रतेचे आमंत्रण सर्वांना आहे हे एका स्वतंत्र प्रकरणात शिकविले. ती शिकवण नवी नव्हती. पौलाच्या पत्रांतील अर्थच तेथे पुन्हा उजळला.

वाचकहो, ११ नोव्हेंबरला मिस्साबलिदानात संत मार्टिन ह्यांचे नाव ऐकाल तेव्हा त्यांच्याकडे अवश्य काही मागा. पण घरी परतताना एक प्रश्न स्वतःलाही विचारा. आपल्या दारात, आपल्या वस्तीत, आपल्या कामाच्या ठिकाणी थंडीने कुडकुडत कोण उभे आहे? आपल्याकडे काम करणाऱ्या माणसाबरोबर आपण एका ताटाला बसतो का? मार्टिन ह्यांचे संतपण येथूनच सुरू झाले होते, आणि तेव्हा त्यांचा स्नानसंस्कारही झालेला नव्हता. आपला झाला आहे.